वळिवडे येथील पोल निर्वासित : आसरा आणि कायम वस्ती

(१)

कोल्हापुराहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कोल्हापुरापासून अगदीं जवळ, वळिवडे हें गांव आहे. या गांवच्या माळावर इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोल निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका व मुलें होतीं. या वसाहतीविषयीं अलीकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. इ. स. २०१९ मध्यें वळिवडे येथें स्मृतिस्तंभ उभा राहिला, पोलंडच्या राजधानींत, वॉर्सा शहरांत, कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे, आणि इ. स. २०२४ च्या ऑगस्टांत भारताच्या पंतप्रधानांनीं तेथें पुष्पचक्र वाहिलें. या सर्व लिखाणांत आतिथ्याचें वर्णन आहे व तें यथार्थ आहे. परंतु कागदपत्रांच्या अभ्यासकास जो प्रश्न प्रथम सुचावा, तो त्यांत बहुधा विचारलेला आढळत नाहीं. हे लोक येथें कोणत्या अधिकारानें राहिले, आणि येथून उठल्यावर त्यांची वस्ती कोठें, कोणाच्या हुकुमानें व कशाच्या आधारें कायम झाली, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. या लोकांस आसरा मिळाला तो दयेमुळें. परंतु कायम वस्ती दयेमुळें मिळाली नाहीं. ती ज्यांस मिळाली त्यांस नात्यामुळें, जन्मामुळें किंवा विशिष्ट भूमीवर काढलेल्या वर्षांच्या हिशेबामुळें मिळाली. भोगलेल्या दुःखास आसऱ्याच्या कागदांत स्थान आहे. कायम वस्तीच्या कागदांत नाहीं.

(२)

मराठेशाहीच्या कागदांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस हा भेद नवा वाटणार नाहीं. परगांवाहून आलेला कुणबी कौल घेऊन जमीन करी. पहिल्या वर्षीं सारा हलका, पुढें वर्षावर्षानें चढता, असा इस्ताव्याचा करार असे. त्या कौलानें त्यास अभय मिळे, जमीन मिळे, बैलांस चारा मिळे. पण तो राही उपरीच. मिरासदार व्हावयाचें तर गतकुळाची जमीन पाहून, पाटील, कुळकर्णी व समस्त गांवकरी यांच्या समक्ष कागद करून घ्यावा लागे आणि त्याचा मोबदला भरावा लागे. मग त्या कागदांत पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें उपभोग घेण्याची भाषा येई. उपरी आणि मिरासदार यांच्या नांगराखालीं माती एकच होती. अंतर होतें तें कागदाचें.

ही तुलना मर्यादेनेंच घ्यावयाची आहे. मिरास हा जमिनीचा हक्क. आम्ही बोलत आहों तो देशांत राहण्याचा हक्क. तथापि, “राहूं दिलें” आणि “राहणें हक्काचें झालें” या दोन अवस्था आमच्या पूर्वजांनीं निरनिराळ्या शब्दांनीं ओळखल्या होत्या, एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील हकीकत समजण्यास सोपें जाईल.

(३)

१ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली व १७ सप्टेंबरास सोव्हिएट फौजा पूर्वेकडून आंत शिरल्या. २९ नोव्हेंबर १९३९ च्या सोव्हिएट हुकुमानें त्या पूर्वभागांतील रहिवाशांवर सोव्हिएट नागरिकत्व लादण्यांत आलें. त्यानंतर फेब्रुवारी, एप्रिल व जून १९४० आणि मे-जून १९४१ अशा चार खेपांत तेथील कुटुंबें उचलून सैबेरिया, कझाकस्तान व उत्तरेकडील अर्खांगेल्स्कचीं अरण्यें येथें पाठविण्यांत आलीं. हे लोक किती, याविषयीं मतभेद आहे. जुन्या पोल ग्रंथांत दहा लाखांच्या वर आंकडा येतो. सोव्हिएट दप्तरें खुलीं झाल्यावर या चार खेपांची बेरीज तीन लाखांच्या थोडी वर भरते. दप्तरांतील आंकडा फक्त या चार खेपांचा आहे. कैदेंत घातलेले व सैन्यांत ओढलेले लोक त्यांत नाहींत, हें दोन्ही आंकडे ताडून पाहतांना विसरूं नये.

जर्मनीनें रशियावर हल्ला करतांच पारडें फिरलें. ३० जुलै १९४१ रोजीं लंडनमधील पोल सरकार व सोव्हिएट सरकार यांचा करार झाला आणि १२ ऑगस्ट १९४१ च्या हुकुमानें या हद्दपार लोकांस “माफी” देण्यांत आली. माफी हा शब्द अपराध्यास लागू पडतो. यांनीं अपराध कोणताच केला नव्हता. परंतु सुटकेचा जो दाखला प्रत्येकाच्या हातीं पडला, त्यांत तीच भाषा होती, आणि सीमेजवळचे व निषिद्ध प्रदेश वगळून सोव्हिएट मुलखांत राहण्याची मोकळीक होती. हा दाखला हा या लोकांच्या प्रवासांतील पहिला महत्त्वाचा कागद होय. १ डिसेंबर १९४१ रोजीं सोव्हिएट सरकारनें कळविलें कीं, पूर्वभागांतील रहिवाशांपैकीं फक्त वंशानें पोल असलेल्यांनाच पोल नागरिक मानण्यांत येईल. युक्रेनी, बेलोरूसी व ज्यू यांस नाहीं. १६ जानेवारी १९४३ रोजीं तीहि सवलत काढून घेतली. म्हणजे त्या भागांतील जो पोल मनुष्य रशियांतच राहिला, तो सव्वातीन वर्षांत आपल्या जागेवरून न हलतां एकदां सोव्हिएट, मग पुनः पोल व शेवटीं पुनः सोव्हिएट झाला.

सुटलेल्यांपैकीं ज्यांस दक्षिणेकडे येतां आलें ते जनरल अँडर्स यांच्या फौजेच्या आश्रयानें इ. स. १९४२ च्या मार्च-एप्रिलांत व ऑगस्टांत कास्पियन समुद्र ओलांडून इराणांतील पहलवी बंदरास उतरले. सैनिक व नागरिक मिळून ही संख्या सुमारें १,१५,००० होती. सैनिक लढाईवर गेले. त्यांच्या बायकामुलांस व अनाथ मुलांस कोठें ठेवावें हा प्रश्न उरला. इराण, पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड व हिंदुस्थान या देशांनीं तो वांटून घेतला.

(४)

हिंदुस्थानांत प्रथम आलीं तीं मुलें. त्यांच्यासाठीं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनीं बालाचडी येथें इ. स. १९४२ मध्यें जागा दिली. पुढील वर्षीं वळिवडे येथें कुटुंबांची मोठी छावणी उघडली. पांचगणीसहि प्रकृतीनें क्षीण झालेल्यांची सोय होती. बालाचडीची छावणी इ. स. १९४६ मध्यें मोडली, तेव्हां तेथील उरलेलीं मुलें वळिवड्यास आणण्यांत आलीं.

येथें एका लोकप्रिय समजुतीची दुरुस्ती करणें अवश्य आहे. वळिवड्याची छावणी कोल्हापूरच्या महाराजांनीं स्वतः आमंत्रण देऊन वसविली, असें लिहिलेलें आढळतें. छत्रपति राजाराम महाराज इ. स. १९४० च्या नोव्हेंबरांतच निवर्तले होते. छावणी उघडली त्या वेळीं गादीवर दत्तक बाल छत्रपति शिवाजी हे होते व राज्याचा कारभार रीजन्सीकडून चाले. छावणीची योजना हिंदुस्थान सरकार व लंडनमधील पोल सरकार यांच्यामधील होती, आणि खर्चाचा भार पोल सरकारच्या नांवें होता. कोल्हापूर दरबारच्या भूमीवर व त्याच्या संमतीनें ती वसली, हें दरबारास भूषणावह आहेच. पण पुढील विवेचनाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, ही भूमि संस्थानी होती, खालसा नव्हती.

छावणींत शाळा होत्या, देऊळ होतें, दवाखाना, टपालघर व नाट्यगृह होतें. कारभार पोल अधिकाऱ्याच्या हातीं होता. शिक्षण पोल भाषेंत, पोल अभ्यासक्रमाप्रमाणें चाले. मुंबईहून ‘पोलाक व इंडियाख’, म्हणजे ‘हिंदुस्थानांतील पोल’, या नांवाचें नियतकालिक निघे. या सर्वांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : युद्ध संपलें कीं घरीं जावयाचें. येथें कायमचें राहूं द्यावें अशी मागणी त्यांनीं केली नाहीं आणि सरकारनेंहि तसें वचन दिलें नाहीं. आसरा देणारा व घेणारा या दोघांच्याहि मनांत मुदत एकच होती. कौल होता, मिरासपत्राचा विचार कोणाच्याच मनांत नव्हता.

(५)

मुदत संपली, पण घर उरलें नाहीं. फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें तिघां बड्या राष्ट्रांनीं पोलंडची पूर्वसीमा पश्चिमेकडे सरकविली आणि वळिवड्यांतील बहुतेकांचीं गांवें सोव्हिएट राज्यांत गेलीं. ५ जुलै १९४५ रोजीं ब्रिटननें लंडनमधील पोल सरकारची मान्यता काढून वॉर्साच्या सरकारास दिली. त्या दिवसापासून मुंबईच्या पोल वकिलातीचा अधिकार संपला आणि छावणीच्या खर्चाचा जो धनी कागदोपत्रीं होता तो नाहींसा झाला. पुढें हा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे व इ. स. १९४७ च्या मध्यापासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संस्थेच्या पूर्वतयारी मंडळाकडे गेला. आतां हे लोक पाहुणे राहिले नव्हते. ज्यांना परत पाठवावें असें ठिकाण नाहीं व ठेवून घ्यावें असा हक्क नाहीं, अशा अवस्थेस ते आले होते.

मार्ग निघाला तो ब्रिटनच्या बाजूनें. २७ फेब्रुवारी १९४५ रोजीं चर्चिल यांनीं पार्लमेंटांत, आपल्या झेंड्याखालीं लढलेल्या पोल सैनिकांस ब्रिटिश साम्राज्याचें नागरिकत्व देतां येईल अशी आशा प्रकट केली होती. इ. स. १९४६ मध्यें त्या सैनिकांसाठीं पुनर्वसन दल काढण्याचें जाहीर झालें आणि २७ मार्च १९४७ रोजीं पोल पुनर्वसनाचा कायदा मंजूर झाला. निवृत्तिवेतन, निवारा, औषधोपचार व शिक्षण यांची तरतूद त्यांत होती. सैनिकांबरोबर त्यांच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबियांसहि ब्रिटनांत आणण्याचें ठरलें.

या एका निर्णयानें वळिवड्याच्या छावणीचे दोन भाग पडले. ज्या बाईचा नवरा, मुलगा किंवा भाऊ सैन्यांत होता तिचा मार्ग मोकळा झाला. जिचें तसें कोणी नव्हतें, अथवा जिचा माणूस रशियांतच मेला होता, तिला दुसरी वाट शोधावी लागली. दोघींनीं सैबेरियांत सारखींच झाडें तोडलीं होतीं, दोघी एकाच बोटीनें पहलवीस उतरल्या होत्या, वळिवड्यास एकाच आढ्याखालीं राहिल्या होत्या. किंबहुना जिनें सर्वस्व गमावलें होतें तिचाच हक्क कमी ठरला, कारण हक्क दाखविणारें माणूसच तिच्यापाशीं उरलें नव्हतें. आतांपर्यंत पेटींत आठवण म्हणून जपलेले विवाहाचे दाखले व सैनिकांचीं पत्रें यांस आतां पुराव्याचें मोल आलें. ब्रिटिश सरकारनें येथें निष्ठुरपणा केला असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें सैनिकांचें ऋण फेडलें. आणि ऋण ज्याचें त्यासच फेडलें जातें. परंतु ऋण व दया या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढें यावरून स्पष्ट होतें.

इ. स. १९४७-४८ मध्यें छावणी रिकामी झाली. बहुसंख्य ब्रिटनला गेले, कांहीं थोडे नव्या पोलंडास परतले, कांहींची रवानगी पूर्व आफ्रिकेंतील छावण्यांकडे झाली. आफ्रिकेंतील छावण्यांमधून पुढें निरनिराळ्या देशांकडे लोक गेले. फेब्रुवारी १९५० मध्यें सुमारें १,२०० पोल निर्वासितांस घेऊन मोंबासाहून ऑस्ट्रेलियास गेलेली ‘जनरल लँगफिट’ ही बोट प्रसिद्ध आहे.

(६)

ब्रिटनांत उतरणें म्हणजेहि मिरास मिळणें नव्हे. ते तेथें परकीय म्हणूनच उतरले, व परकीयांच्या नियमाप्रमाणें पोलिसांत त्यांची नोंद होई. ब्रिटिश नागरिकत्वासाठीं स्वतंत्र अर्ज करावा लागे, त्याची सूचना वर्तमानपत्रांत द्यावी लागे, चालचलणुकीची चौकशी होई, इंग्रजीचें ज्ञान व तेथेंच राहण्याचा हेतु पाहिला जाई, आणि शेवटीं राजनिष्ठेची शपथ होई. ज्यांचा अर्ज मंजूर झाला त्यांचीं नांवें ‘लंडन गॅझेट’मध्यें छापलीं जात. या याद्या संशोधकास अत्यंत उपयुक्त आहेत. इ. स. १९५१ च्या खानेसुमारींत ब्रिटनमध्यें पोलंडांत जन्मलेले १,६०,००० हून अधिक लोक आढळले, यावरून या उलाढालीचें मान कळेल.

या अर्जाचें मर्म वास्तव्याच्या वर्षांत आहे. इ. स. १९१४ च्या कायद्याप्रमाणें अर्जापूर्वीच्या आठ वर्षांपैकीं पांच वर्षें बादशहाच्या राज्यांत गेलेलीं असावीं लागत. त्यांतील शेवटचें एक वर्ष प्रत्यक्ष ब्रिटनांत. वळिवड्यास काढलेलीं चार-पांच वर्षें येथें मोजतां येतील असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु कायद्याच्या परिभाषेंत “बादशहाचें राज्य” म्हणजे खालसा मुलूख; देशी संस्थानें बादशहाच्या छत्राखालीं होतीं, राज्यांत नव्हतीं. कोल्हापूरची प्रजादेखील ब्रिटिश प्रजा नसून ब्रिटिशसंरक्षित गणली जाई. तेव्हां कायद्याचें अक्षर पाहतां वळिवडे व बालाचडी येथील वर्षें हिशेबांत धरण्याजोगीं नव्हतीं. सातारा जिल्ह्यांतील पांचगणीचीं मात्र धरतां आलीं असतीं.

१ जानेवारी १९४९ पासून इ. स. १९४८ चा नवा कायदा लागू झाला. त्यांत अर्जापूर्वीचें एक वर्ष ब्रिटनांत, आणि त्याच्या आधींच्या सात वर्षांपैकीं एकूण चार वर्षें ब्रिटन, वसाहती, संरक्षित प्रदेश किंवा ब्रिटनच्या विश्वस्तीखालचे प्रदेश येथें गेलेलीं असावीं, असा नियम आला. हिंदुस्थान तोंपर्यंत स्वतंत्र झाला होता. तो या यादींत नाहीं. म्हणून युगांडा व टांगानिका येथील छावण्यांत ज्यांनीं वर्षें काढलीं त्यांचीं तीं या अक्षराप्रमाणें जमेस धरतां येत. वळिवड्याचीं येत नसत. एकाच कारणानें हद्दपार झालेल्या, एकाच दयेनें पोसलेल्या दोन बहिणींपैकीं एकीचीं वर्षें भरतीं व दुसरीचीं रिकामीं, असा हा हिशेब आहे. त्याचें कारण त्यांच्या वर्तनांत शोधून सापडणार नाहीं. तें नकाशावरील रंगांत आहे.

(७)

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. वळिवड्याचे पोल निघून जातात न जातात तोंच त्याच बराकींत दुसरे निर्वासित आले : फाळणीनें सिंध सोडून आलेले हिंदु. त्यांची ती वस्ती गांधीनगर या नांवानें आज कापडाची मोठी पेठ म्हणून सर्वश्रुत आहे. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि २६ जानेवारी १९५० रोजीं भारताचें संविधान पूर्णपणें अमलांत आलें.

संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदांत या दुसऱ्या निर्वासितांची सोय आहे. स्वतः, किंवा आईबाप वा आजाआजी यांपैकीं कोणीहि अविभक्त हिंदुस्थानांत जन्मलेलें असून जो १९ जुलै १९४८ पूर्वीं आला व तेव्हांपासून येथें राहिला, तो अर्जावांचून नागरिक झाला. जो त्या तारखेस किंवा नंतर आला त्यास सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करून, संविधान लागू होण्यापूर्वीं अधिकाऱ्याकडे नांव नोंदवावें लागलें. येथेंहि निर्णायक ठरला तो जन्म. फाळणीचा छळ नव्हे. छळ हें येण्याचें कारण होतें, राहण्याचा हक्क जन्मावरून आला.

पोल निर्वासितांस हा अनुच्छेद लागू नव्हता. परंतु पांचव्या अनुच्छेदांत एक तिसरी वाट आहे, व ती विशेष लक्ष देण्याजोगी आहे. ज्याचा अधिवास भारतांत आहे आणि जो संविधानारंभाच्या लगत पूर्वीं निदान पांच वर्षें येथें सामान्यतः राहत आहे, तोहि, त्यानें आपण होऊन परक्या देशाचें नागरिकत्व घेतलेलें नसल्यास, नागरिक होय. इ. स. १९४३ मध्यें वळिवड्यास आलेला मनुष्य, कायम राहण्याच्या हेतूनें, २६ जानेवारी १९५० पर्यंत येथें राहता, तर त्याचीं साडेसहा वर्षें भरलीं असतीं. जीं वर्षें ब्रिटिश कायद्यानें शून्य धरलीं तींच येथें पूर्ण मोलाचीं ठरलीं असतीं. छावणी उठली ती त्यापूर्वीं दोनेक वर्षें. हेतूचा अभाव हें याचें मुख्य कारण, हें आम्ही वर सांगितलेंच आहे; बहुतेकांना येथें राहावयाचें नव्हतें. पण कायद्याचें दार कोणत्या बाजूस व केव्हां उघडतें, आणि माणूस त्या वेळीं कोठें उभा असतो, यांचा मेळ बसणें हें किती दैवाधीन आहे, याचें याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

थोडे लोक मात्र राहिले. कांहीं मुलींनीं येथेंच विवाह केले व त्या मराठी घरांत नांदल्या. त्यांच्याहि बाबतींत वस्ती कायम झाली ती नात्यानें. मुंबईतील पोल वकील बनासिन्स्की यांच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांनीं पोल निर्वासितांसाठीं खस्ता खाल्ल्या व पुढेंहि हिंदुस्थानांतच राहून हैदराबादेस समाजकार्य केलें. इ. स. १९९१ मध्यें भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

इ. स. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित-करारानें आपल्या चौतिसाव्या अनुच्छेदांत निर्वासितांचें नागरिकीकरण शक्य तितकें सुलभ करावें असें राष्ट्रांस सांगितलें आहे. आसऱ्यापासून मिरासीपर्यंत पायरी बांधण्याचा हा स्पष्ट प्रयत्न होय. परंतु “शक्य तितकें” या शब्दांनीं तीहि पायरी ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली आहे. भारतानें त्या करारावर सही केलेली नाहीं. येथें परकीयांचा प्रश्न इ. स. १९४६ च्या कायद्यानें व तो रद्द झाल्यावर इ. स. २०२५ च्या नव्या कायद्यानें चालतो.

(८)

येणेंप्रमाणें तीन कायदे व तीन कसोट्या आपल्यापुढें आल्या : ब्रिटनच्या पुनर्वसन-योजनेंत सैनिकाशीं नातें, आपल्या सहाव्या अनुच्छेदांत जन्म, आणि नागरिकीकरणाच्या कायद्यांत विशिष्ट भूमीवरील वर्षें. या तिहींतहि “या मनुष्यावर अनर्थ कोसळला होता” असें कलम नाहीं. याचा अर्थ दया निष्फळ असा मात्र कोणीं करूं नये. दया नसती तर वर्षें मोजावयास माणसेंच उरलीं नसतीं. कौलावांचून कुणबी गांवांत येत नाहीं, आणि आला नाहीं तर मिरासदार होत नाहीं. आतिथ्य केलें म्हणून अभिमान बाळगणाऱ्यानें, पाहुण्याच्या हातीं पुढें कोणता कागद पडला, हेंहि विचारावें, इतकेंच आमचें सांगणें आहे.

आतां संग्राहकांस एक विनंती. या विषयाचे सरकारी कागद दिल्ली, कोल्हापूर व लंडन येथील दप्तरांत आहेत व ते सुरक्षित आहेत. भीति आहे ती खाजगी कागदांची. छावणीस भाजीपाला, दूध व कापड पुरविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या चोपड्या, टपालाचे शिक्के असलेलीं पाकिटें, शाळेचे दाखले, निघतांना शेजाऱ्यांस दिलेलीं छायाचित्रें असे जिन्नस कोल्हापूर, गांधीनगर व पांचगणी येथील जुन्या घरांत अद्याप असण्याचा पूर्ण संभव आहे. दीडशें वर्षांच्या अलीकडील कागदास जुना कागद न मानण्याची आमच्यांतील संवय या ठिकाणीं घातक ठरेल. एखाद्या दाखल्याच्या पाठीवर कोणी शिक्का मारला व कोणत्या तारखेस मारला, एवढ्यावर एका कुटुंबाचा देश ठरला आहे. असा कागद ज्यांच्या पाहण्यांत येईल त्यांनीं तो रद्दींत जाऊं न देतां त्याची पुढची व पाठची अशा दोन्ही बाजूंची नक्कल करून ठेवावी.